ताईच्या आवाजाची फाइल

१

"मावशी, आईचा आवाज गेलाय," टिल्लूने फोनवर सांगितलं, तेव्हा मावशीला आधी त्याचा रागच आला. ताईचा आवाज जाऊन चांगले चार महिने उलटले होते. घशातली गाठ काढताना डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावं लागलं होतं, आणि तेव्हापासून ताई गळ्यात पुसायची पाटी अडकवून फिरत होती. ही बातमी आता पुन्हा कशाला?

"तो आवाज नव्हे गं," टिल्लू म्हणाला. "जुना. बाबांनी जपून ठेवलेला. फाइल उघडतच नाहीये. आणि बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नाही आहोत."

टिल्लू म्हणजे ताईचा मुलगा. नाव टिल्लू, उंची सहा फूट, बुटकी ताई जेमतेम त्याच्या छातीला लागे, आणि दारातून आत येताना मान वाकवायची सवय. तो चिडला की तक्रार घेऊन मावशीकडे येई, हे लहानपणापासूनचं. मावशी विमा कंपनीसाठी आगीच्या दाव्यांची तपासणी करायची. जळलेल्या गोदामात काळ्या पाण्यातून चालत जाऊन आग कुठे लागली, कशी लागली आणि कुणी लावली, हे शोधून काढणं हा तिचा धंदा. संगणकातलं तिला इतपतच कळे की तो बंद करून पुन्हा चालू करावा.

तरी ती गेली, कारण पणाला काय लागलंय ते तिला ठाऊक होतं. ताईने उभं आयुष्य अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करण्यात घालवलं होतं. भाऊजी त्याच संस्थेत ध्वनिमुद्रक होते. लग्नही तिथेच जमलं. आता रुग्णालयातल्या वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या होत्या की जुना, स्वच्छ आवाज मिळाला तर त्यावरून यंत्रात ताईचाच आवाज बसवता येईल. ताई बटणं दाबेल आणि यंत्र तिच्या आवाजात बोलेल. सोमवारी यंत्र तयार करायचं होतं. आवाज नाही मिळाला तर बाजारातला तयार आवाज घालायचा. त्यांनी तयार आवाजांचे नमुने ऐकवले होते. पहिला ऐकूनच ताईने पाटी उलटी करून मांडीवर ठेवली होती, आणि मग कुणाचीही दुसरा ऐकवायची छाती झाली नाही.

संस्था कधीच बंद पडली होती. तिच्या कॅसेट ओल लागून बुरशीने खाल्ल्या होत्या. उरली होती ती भाऊजींच्या संगणकातली एकच फाइल.

मावशी संगणकाच्या खोलीत शिरली तेव्हा भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे होते, टिल्लू भिंतीला टेकून, आणि सूनबाई दोघांच्या मधे, भांडण सोडवायला आलेल्या शेजारणीसारखी. पडद्यावर एक चौकोन आला होता. त्यात लिहिलं होतं: डिस्क इमेज फाइल खराब झाली आहे.

"आणि गंमत म्हणजे," टिल्लू कडवट हसून म्हणाला, "गेली कित्येक वर्षं या फाइलला कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

२

मावशीने सगळ्यांना बाहेर घालवलं आणि आधी टिल्लूला आत घेतलं. धंद्यातली सवय. एकत्र बसवलं की माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात.

"मला अडाणी समजून सांग," ती म्हणाली. "डिस्क इमेज म्हणजे काय?"

"डिस्कची जशीच्या तशी नक्कल, एका फाइलमध्ये. पहिल्या कणापासून शेवटच्यापर्यंत. ती उघडली की संगणकाला वाटतं, कुणी खरीच डिस्क आत सरकवली. बाबांच्या डिस्कवरचा मुलामा सुटायला लागला होता, म्हणून त्यांनी नक्कल करून ठेवली आणि डिस्क टाकून दिली."

"एकच नक्कल?"

"एकच," टिल्लू म्हणाला. "तिथेच तर माझं डोकं फिरतं."

त्याने काय काय करून पाहिलं ते त्याने सांगितलं. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली. वेगवेगळे प्रोग्राम लावून पाहिले. सगळ्यांनी हात वर केले. मग त्याला वाटलं, या संगणकाचंच काही बिघडलं असेल. त्याच कप्प्यात भाऊजींनी त्याच दिवसांत बनवलेली दुसरी डिस्क इमेज होती, टिल्लूच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची. ती चटकन उघडली. पडद्यावर पुठ्ठ्याचं झाड झालेला बारका टिल्लू उभा राहिला आणि त्याने घाईघाईने ती बंद केली.

"म्हणजे संगणक ठीक, बनवण्याची पद्धत ठीक, आणि ही एकच बिघडली," मावशी म्हणाली. "हात लावला नाही कशावरून म्हणतोस?"

"फाइल कुणी बदलली की तिच्यावर बदलाची तारीख पडते. हिच्यावर ती बनवली त्याच दिवसाची तारीख आहे. माझं ऐक, मावशी. बाबांनी ती बनवतानाच चूक केली आणि कधी उघडून बघितलंच नाही. पण कबूल करतील तर शपथ."

"आणि तू? फोनवर म्हणालास, गेल्या आठवड्यात या संगणकाची जागा मोकळी केलीस ना?"

टिल्लूचे कान लाल झाले. "फालतू फाइली काढल्या. ही नाही."

"मी कुठे म्हटलं ही काढलीस," मावशी शांतपणे म्हणाली आणि त्याला बाहेर पाठवलं. तिच्या मनात मात्र एक गोष्ट टोचत राहिली. बंद खोलीतल्या आगीसारखं हे प्रकरण होतं. आत कुणी गेलं नाही, बाहेर कुणी आलं नाही, आणि तरी आतलं सगळं जळलेलं.

३

सूनबाई दातांची डॉक्टर. बोलायला मोकळी, पण त्या दिवशी ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"मला एक सांगायचंय, आणि ह्यांना सांगू नका," ती म्हणाली. "सुरुवातीचा घोळ माझा आहे. दवाखान्यातले एक्स-रे उघडायला मी या संगणकावर एक प्रोग्राम टाकला, गुंडाळलेल्या फाइली सोडवणारा. त्याने डिस्क इमेजही स्वतःकडे ओढून घेतल्या. बाबांनी फाइलवर क्लिक केलं तर तो भलताच प्रोग्राम उघडायला लागला. माझी तर पाचावर धारण बसली."

"मग?"

"मग मी तो काढून टाकला. आता फाइल बरोबर ठिकाणी जाते, पण तिथे गेल्यावर खराब आहे म्हणून सांगते. माझ्या प्रोग्रामने फाइल फक्त उघडायचा प्रयत्न केला, मावशी. आत काही लिहिलं नाही. स्नेहसंमेलनाची फाइलही त्याच्या तावडीत सापडली होती, तिला काही झालं नाही."

मुलगी सरळ बोलत होती. मावशीने तिचा संशय तिथेच पुसून टाकला. "या खोलीत आणखी काही वेगळं दिसलं का? कितीही बारीक असो."

सूनबाईने आठवून पाहिलं. "मागच्या पंधरवड्यात एकदा दुपारी लवकर घरी आले. संगणक चालू होता, गरम झाला होता. पंखा घरघरत होता. कानाचे हेडफोन टेबलावर होते. खोलीत कुणी नव्हतं. मला वाटलं बाबा मधेच उठून गेले. मी बसायला गेले तर धपकन खालीच गेले. खुर्ची अगदी तळाला नेलेली होती. पाय पोटाशी आले माझे."

"भाऊजी कुठे होते?"

"ते जरा वेळाने बाहेरून आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, मी आज संगणकाला शिवलोच नाही." सूनबाईने आवाज खाली आणला. "तेव्हापासून ह्यांना वाटतंय, बाबा विसरायला लागलेत. आणि खरं सांगू? मलाही वाटतं."

४

भाऊजी आत आले ते खुर्चीवर बसले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्याचा आवाज नीट यावा म्हणून स्वतः गप्प बसलेला माणूस. त्यांना बोलतं करणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. मावशीने त्यांना त्यांच्या कामाविषयी विचारलं.

तिथे मात्र ते खुलले. अजूनही ते लोकांच्या जुन्या ध्वनिफिती दुरुस्त करून देत. संगणकात त्यांनी एक कप्पा करून ठेवला होता, नाव 'सफाई'. जुन्या यंत्रावरून आलेली कच्ची ध्वनिमुद्रणं त्यात टाकली की स्वतः लिहिलेला छोटासा प्रोग्राम जागा होई आणि प्रत्येकाच्या सुरुवातीची निव्वळ शांतता, म्हणजे बटण दाबल्यापासून पहिला आवाज येईपर्यंतचा कोरा भाग, कापून टाकी.

"श्रोता आंधळा असतो," भाऊजी म्हणाले. "त्याने यंत्र लावलं आणि काहीच ऐकू आलं नाही, तर त्याला वाटतं यंत्र बिघडलं. म्हणून सुरुवात कोरी ठेवायची नाही. या घरात सफाई झाल्याशिवाय कुणी काही ऐकत नाही. पहिल्यापासूनचा नियम."

"आणि तारीख?"

"ती तशीच ठेवतो. मुद्रण कधीचं ते महत्त्वाचं, मी ते कधी कापलं त्याला कोण विचारतो."

मावशीने ते मनात टिपून ठेवलं. तिने विषय बदलला. "बरं, त्या बिघडलेल्या फाइलमध्ये आहे तरी काय?"

भाऊजींची नजर खिडकीबाहेर गेली. "पुस्तकं. तिने वाचलेली."

"कुठली?"

"अशीच. बरीच आहेत."

"एखादं नाव सांगा ना."

"आता आठवत नाही," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचे कान थेट टिल्लूसारखेच लाल झाले. ताईने वाचलेल्या प्रत्येक पुस्तकातलं प्रत्येक पान या माणसाने ऐकलं होतं. त्याला एक नाव आठवू नये? कुठेतरी पाणी मुरत होतं. पण भाऊजींनी पुढे ताकास तूर लागू दिली नाही. एवढंच म्हणाले, "फाइल बनवल्यावर मी उघडून ऐकली होती. पूर्ण. टिल्लूला म्हणावं, बाप अजून एवढा वाया गेला नाही."

म्हणजे फाइल तेव्हा ठीक होती, आता नाही, आणि मधे तारीख बदललेली नाही. मावशीने टिल्लूला हाक मारली.

"या फाइलचं पोट फाडून दाखवता येतं का रे? आत काय लिहिलंय ते?"

५

टिल्लूने एक प्रोग्राम उघडला. त्यात कुठलीही फाइल घातली की तिचे कण न कण आकड्यांच्या ओळी होऊन पडद्यावर मांडले जात.

"दोन्ही दाखव. आधी धडधाकट."

स्नेहसंमेलनाची फाइल आली. पडदाभर शून्यं. टिल्लूने खाली सरकवलं, पुन्हा शून्यं. तो सरकवत राहिला आणि शून्यं येत राहिली, एकही दुसरा आकडा नाही. कोऱ्या माळरानावरून चालत जावं तसं ते दोघं त्या रिकामेपणातून खाली खाली गेले. मावशीला का कोण जाणे, आवाज चढवावासा वाटेना. मग एकदम ते संपलं आणि अक्षरं आली: सीडी ००१. तिथून पुढे सगळं दाटीवाटीने भरलेलं.

"आता ती."

ताईची फाइल आली. पहिल्याच ओळीत, अगदी पहिल्याच जागी, सीडी ००१.

"बघ, हिच्यात तर वायफळ जागासुद्धा नाही," टिल्लू म्हणाला. "उलट ही चांगली दिसते."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. जळलेल्या खोलीत नवखा माणूस काजळी बघतो. ती भिंतीवरचा स्वच्छ चौकोन बघायची. तिथे काजळी नाही म्हणजे तिथे कपाट होतं, आणि कपाट आता नाही म्हणजे ते कुणीतरी आधीच उचललं. काय आहे त्यापेक्षा काय नाही हे तिला लवकर दिसे.

"टिल्लू, ती कोरी जागा कशासाठी असते?"

त्याने शोधून वाचलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज मंद होत गेला. डिस्कच्या तोंडाशी ठरावीक जागा मोकळी सोडायची असा नियमच होता. एखाद्या यंत्राला स्वतःचं काही ठेवायचं असलं तर असावी म्हणून. बहुतेक वेळा तिथे काहीच नसतं. पण संगणक ती जागा मोजून ओलांडतो आणि त्यानंतरच वाचायला लागतो.

"म्हणजे असं बघ," मावशी म्हणाली. "वीज गेली की आपण घरात पावलं मोजून दाराशी जातो. कुणी न सांगता दार अलीकडे आणून बसवलं, तर आपण भिंतीवर आपटणार आणि म्हणणार, दार गेलं. दार गेलेलं नसतं. ताईच्या फाइलमधलं काहीही गेलेलं नाही, टिल्लू. फक्त समोरची मोकळी जागा गेली."

टिल्लूने आ वासला. मावशीच्याही अंगावर काटा आला होता. ज्याच्यात काहीच नव्हतं ते काढून घेतल्यावर सगळंच हरवलं होतं. एवढ्या वर्षांत तिने पुष्कळ चोऱ्या पाहिल्या होत्या, पण काहीच-नाही चोरीला गेलेलं पहिल्यांदा पाहत होती.

"आणि सुरुवातीचा कोरा भाग कापून, तारीख जशीच्या तशी ठेवणारी या घरात एकच वस्तू आहे," ती म्हणाली.

"सफाई," दारातून आवाज आला. भाऊजी उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्या प्रोग्रामला ध्वनी आणि डिस्क यांतला फरक कळत नाही. त्याला फक्त शून्यं कळतात. पण मी ती फाइल त्यात कशी टाकीन? मी असं करणं शक्य नाही."

"बाबा," टिल्लू म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला राग पार गेला होता, "तुम्ही टाकली असेल. आणि विसरला असाल."

भाऊजी अखेर खुर्चीवर बसले. 

"असेल," ते म्हणाले. "तसंच असेल."

६

"तसं नाहीये," मावशी म्हणाली. "भाऊजी, तुम्ही आता बसलात, तर तुमचे पाय कुठे आहेत?"

ते बघायला लागले. पाय जमिनीवर नीट टेकलेले होते.

"ही तुमच्या उंचीला लावलेली खुर्ची. त्या दुपारी सूनबाईने पाहिली तेव्हा ती तळाला होती. टिल्लू तळाला नेऊन बसला तर त्याचे गुडघे कानाला लागतील. सूनबाई स्वतःच धपकन पडली. मग ज्याचे पाय एरवी जमिनीला पोचत नाहीत असं या घरात कोण आहे?"

 उत्तर सगळ्यांना कळलं होतं.

"मी आज प्रत्येकाची जबानी घेतली," मावशी म्हणाली, आणि हे म्हणताना तिला स्वतःचीच लाज वाटली. "एक माणूस सोडून. एवढी मोठी तपासनीस, आणि जिचा आवाज गेला तिलाच विचारायचं राहिलं."

ताई गच्चीत कपडे वाळत घालत होती. सगळ्यांना एका रांगेत येताना बघून तिने चिमटा तोंडातून काढला. मावशी तिच्यासमोर बसली.

"ताई, मागच्या पंधरवड्यात एका दुपारी तू संगणकावर बसली होतीस?"

ताईने मान डोलावली. इतक्या सहज, की जणू जेवलीस का म्हणून विचारलं असावं.

"काय केलंस?"

ताईने पाटी घेतली. तिचं लिहिणं सावकाश चाले. एरवी ती लिहायला लागली की टिल्लू "राहू दे आई, कळलं" म्हणे, सूनबाई तिच्यासाठी वाक्य पूर्ण करी, भाऊजी दुसरीकडे बघत. तिला त्रास नको म्हणून. आज कुणी हललं नाही. पाटीवर अक्षरं उमटत गेली.

'मला माझा आवाज ऐकायचा होता. एकटीला.'

तिने पुसलं आणि पुन्हा लिहिलं.

'आधी सफाईत टाकली. मग परत जागेवर ठेवली. उघडली नाही. मला वाटलं, मला जमत नाही.'

आयुष्यभराचा नियम. सफाई झाल्याशिवाय या घरात कुणी काही ऐकत नाही. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या बाईने फाइलवर सरळ क्लिक केलं असतं.

"मग हे दोघं भांडत होते तेव्हा सांगितलं का नाहीस आई?" टिल्लूने विचारलं.

ताईने त्याच्याकडे नवलाने बघितलं. मग लिहिलं.

'मला कुणी काही विचारतच नाही.'

तिचा राग नव्हता त्यात. घरात घडतं ते तिने लिहिलं होतं, एवढंच. मावशीला तिच्याकडे बघवेना. ती उठून वाळत घातलेल्या चादरीचा कोपरा उगाच सरळ करत राहिली.

७

दुरुस्ती पाहून मावशीला हसू आवरेना, इतकी ती साधी होती. टिल्लूने आधी बिघडलेल्या फाइलची प्रत केली, न जाणो म्हणून. मग स्नेहसंमेलनाच्या फाइलमधली सुरुवातीची कोरी जागा तेवढीच्या तेवढी उचलली आणि ताईच्या फाइलच्या पुढे जोडली. एका घरात दोन डिस्क, पण रिकामी जागा दोघींची सारखीच. शून्याला कुणाचं नाव नसतं.

ताई खुर्चीत बसली होती. खुर्ची तिच्या उंचीला आणली होती. मागे सगळे उभे.

"आई, क्लिक कर," टिल्लू म्हणाला.

पडद्यावर डिस्कचं चित्र उमटलं. आत फाइलींची लांबच लांब रांग होती. टिल्लूच्या जिवात जीव आला, तसा तो कोसळल्यासारखा भिंतीला टेकला. मावशी मात्र भाऊजींकडे बघत होती. तिचं एक कोडं अजून सुटायचं होतं.

"भाऊजी, यात पुस्तकं नाहीत ना?"

भाऊजींनी मान हलवली. ओशाळून, चोरी पकडल्यासारखे.

"संस्थेचा दंडक होता," ते म्हणाले. "चुका, खोकणं, मधलं बोलणं, जे जे कापलं ते फेकून द्यायचं. श्रोत्याला पुस्तकच ऐकू यायला हवं, वाचणारी बाई नाही. मी कापायचो नियमाने. फेकलं नाही. कधीच."

"किती वर्षांचं?" सूनबाईने विचारलं.

"सगळं."

 मावशीने आपल्या या अबोल मेव्हण्याकडे जणू पहिल्यांदा पाहिलं. पुस्तकं जगासाठी गेली होती, आणि त्या पुस्तकांतून कापून काढलेली बाई या माणसाने वर्षानुवर्षं गोळा करून ठेवली होती.

ताईने पहिली फाइल उघडली.

आधी एक खोकला. मग कागद उलटल्याची सळसळ, आणि खोलीत आवाज आला. तरणा, किंचित घोगरा, हसायच्या बेतात असलेला. "थांबा थांबा, हा शब्द माझ्या जिभेवर बसतच नाहीये." मग दुसरा तुकडा. "दिवा डोळ्यावर येतोय हो." मग नुसतं हसणं, न थांबणारं, श्वास लागेपर्यंतचं. "पुन्हा घेऊ या, मला त्या बेडकाचं वाक्य आलं की हसूच येतं." आणि एकदा, दमलेल्या, घाईच्या आवाजात, "आज लवकर सोडा ना. टिल्लूला ताप आहे, त्याला माझ्याशिवाय कुणी चालत नाही."

टिल्लूने भिंतीकडे तोंड फिरवलं. सूनबाई या घरात आल्यापासून तिने सासूला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. ती तोंडावर हात ठेवून उभी होती. यंत्रासाठी यापेक्षा चांगला आवाज त्या वाचा-उपचाराच्या बाईंनी मागितला नसता. पुस्तकातली भाषा रोज कोण बोलतं? पण त्या क्षणी यंत्र कुणाच्याच डोक्यात नव्हतं. मावशीला तर श्वाससुद्धा जपून घ्यावासा वाटत होता. मेलेलं कुणी उठून आलं असतं तरी ती इतकी थक्क झाली नसती, कारण ही बाई मेलेली नव्हती. ती समोर खुर्चीत बसून स्वतःला ऐकत होती, आणि तिचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते.

पुढच्या तुकड्यात आधी बराच वेळ काहीच नव्हतं. मग आवाज आला, थोडा अधीर.

"अहो. ऐकताय ना?"

आणि पुन्हा शांतता. भाऊजी तेव्हा काचेपलीकडे असत, त्यांच्यापुढे माइक नसे. त्यांनी मान हलवली असेल, हात वर केला असेल. मुद्रणात त्यातलं काही नव्हतं. तिने विचारलं होतं आणि उत्तराच्या जागी नुसती कोरी जागा होती.

"ऐकतोय," भाऊजी म्हणाले.

ते मोठ्याने म्हणाले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं.

"मग सांगत जा की तसं," यंत्रातली ताई म्हणाली. "मला बाई एकटीच बडबडत बसल्यासारखं वाटतं."

ताई खुर्चीतून मागे वळली. तिच्या हातात पाटी नव्हती. ती नुसती भाऊजींकडे बघत राहिली, आणि तिला काय म्हणायचंय ते कुणी पुरं करायला गेलं नाही.

"ऐकतोय," भाऊजी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी ते यंत्राला म्हणत नव्हते.